सरकारच्या वकिलासाठी मतदान

1. हे पद मतपत्रिकेवर कशाला?

अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाच्या हाती पहिली मतपत्रिका पडते तेव्हा तिची लांबी पाहूनच तो चक्रावतो. गव्हर्नर, सिनेटर, लोकप्रतिनिधी ही पदे त्याला समजतात. त्यांच्याच रांगेत एक पद असते अॅटर्नी जनरलचे, म्हणजे राज्याच्या सर्वोच्च सरकारी वकिलाचे. वकिलाची निवडणूक कशी काय? कायदा किती येतो हे पाहून नेमायच्या माणसाला लाखो लोकांकडे मते मागत का फिरायला लावायचे?

प्रश्न रास्त आहे, कारण आपल्याकडची रीत वेगळी आहे. राज्यघटनेच्या कलम 165 नुसार राज्याच्या महाधिवक्त्याची नेमणूक राज्यपाल करतात, प्रत्यक्षात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. आणि राज्यपालांची मर्जी असेल तोवरच तो पदावर राहतो. मार्च 2016 मध्ये महाराष्ट्राचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी वेगळ्या मराठवाड्याबद्दल विधान केले, विधिमंडळात गदारोळ झाला आणि अणे यांनी राजीनामा दिला. सरकारला अडचणीचा झालेला वकील आपल्याकडे फार काळ टिकत नाही.

अमेरिकेतल्या 50 राज्यांपैकी 43 राज्यांत मात्र अॅटर्नी जनरल थेट लोक निवडतात. पाच राज्यांत तो गव्हर्नर नेमतो, मेन राज्यात विधिमंडळ निवडते आणि टेनेसीत राज्याचे सर्वोच्च न्यायालय. यामागचा विचार समजायला आपली गृहनिर्माण संस्था डोळ्यांसमोर आणावी. सभासद कमिटी निवडतात आणि कमिटी वकील लावते. मग कमिटीनेच गैरव्यवहार केला तर तो वकील कोणाच्या बाजूने बोलणार? सभासदांनी वकीलही स्वतः मते देऊन निवडला, तर अध्यक्षांना त्याला काढता येणार नाही आणि त्याला अध्यक्षांची भीड बाळगावी लागणार नाही. 43 राज्यांनी हाच मार्ग धरला. तिथे गव्हर्नर एका पक्षाचा आणि अॅटर्नी जनरल दुसऱ्या पक्षाचा, हे नेहमीचे चित्र आहे.

या मार्गाची किंमतही आहे, आणि ती समजून घ्यायला कॅलिफोर्नियातली 2010 ची निवडणूक फार उपयोगी पडते. रिपब्लिकन पक्षाचे स्टीव्ह कूली आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या कमला हॅरिस यांच्यातली ही लढत इतकी अटीतटीची झाली की निकाल लागायला तीन आठवड्यांहून अधिक काळ गेला.

2. या वकिलाच्या हातात काय असते?

खुनाचे, चोरीचे, मारामारीचे रोजचे खटले अॅटर्नी जनरल चालवत नाही. ते काम काउंटीच्या सरकारी वकिलाचे, म्हणजे डिस्ट्रिक्ट अॅटर्नीचे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. कॅलिफोर्नियात अशा 58 काउंट्या आहेत आणि त्यांचे डिस्ट्रिक्ट अॅटर्नीसुद्धा निवडून येतात. अॅटर्नी जनरल या सगळ्यांच्या वर असतो. फौजदारी खटले अपिलात गेले की राज्यातर्फे उभे राहणे, राज्याच्या कायद्याला कोणी आव्हान दिले तर त्याचा बचाव करणे आणि ग्राहकांना लुबाडणाऱ्या किंवा हवा-पाणी बिघडवणाऱ्या कंपन्यांवर लोकांच्या वतीने दावे लावणे ही त्याची कामे.

यातले तिसरे काम किती मोठे होऊ शकते हे तंबाखूच्या खटल्यांनी दाखवले. 1994 मध्ये मिसिसिपीचे अॅटर्नी जनरल माइक मूर यांनी सिगारेट कंपन्यांवर दावा लावला. धूम्रपानाने आजारी पडलेल्या गरिबांच्या उपचारांवर राज्याचा पैसा खर्च होतो, तो कंपन्यांनी भरून द्यावा, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांच्या स्वतःच्याच राज्याच्या गव्हर्नरांचा या दाव्याला विरोध होता. मूर नेमलेले वकील असते तर प्रकरण तिथेच मिटले असते. पुढे एकेक राज्य या वाटेने गेले, आणि 1998 मध्ये 46 राज्यांशी झालेल्या समझोत्यात कंपन्यांनी 25 वर्षांत सुमारे 206 अब्ज डॉलर द्यायचे कबूल केले.

कॅलिफोर्नियाच्या अॅटर्नी जनरलकडे आणखी एक अधिकार आहे, जो बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतो. या राज्यात नागरिक सह्या गोळा करून एखादा कायदा थेट मतदानाला ठेवू शकतात. अशा प्रस्तावाचे मतपत्रिकेवर छापायचे शीर्षक आणि छोटा सारांश अॅटर्नी जनरल लिहितो. 2008 मध्ये विवाह फक्त स्त्री आणि पुरुष यांच्यातच मान्य करावा असा प्रस्ताव आला. प्रॉपोझिशन 8 हे त्याचे नाव. तेव्हाचे अॅटर्नी जनरल जेरी ब्राउन यांनी त्याच्या शीर्षकातच लिहिले की हा प्रस्ताव समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क काढून घेतो. प्रस्तावाचे समर्थक संतापून कोर्टात गेले, पण कोर्टाने ब्राउन यांचे शीर्षक कायम ठेवले. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. तरीही हक्क काढून घेतला जातो असे वाचणारा मतदार आणि विवाहाची व्याख्या ठरवली जाते असे वाचणारा मतदार, हे दोघे वेगळ्या मनःस्थितीत खूण करतात. प्रस्ताव सुमारे 52 टक्के मतांनी मंजूर झाला. त्याचे पुढे काय झाले ते चौथ्या आणि सहाव्या भागांत येईल, कारण 2010 च्या निवडणुकीतला सर्वांत दूरगामी मुद्दा हाच होता.

3. दोन उमेदवार

स्टीव्ह कूली हे लॉस एंजेलिस काउंटीचे डिस्ट्रिक्ट अॅटर्नी. सलग तीनदा निवडून आलेले, सौम्य प्रवृत्तीचे रिपब्लिकन. डेमोक्रॅटांचा वरचष्मा असलेल्या काउंटीत हे सोपे नव्हते. पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांनी ज्यांना हरवले त्यांत जॉन ईस्टमन नावाचे कायद्याचे प्राध्यापक होते. 2020 ची अध्यक्षीय निवडणूक उलटवण्याच्या प्रयत्नांत डोनाल्ड ट्रम्प यांना सल्ला देणारे ते हेच.

कमला हॅरिस 2004 पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या डिस्ट्रिक्ट अॅटर्नी होत्या. आई श्यामला गोपालन चेन्नईहून आलेल्या कर्करोग संशोधक, वडील जमैकाचे. त्यांच्या पक्षांतर्गत लढतीत फेसबुकचे माजी अधिकारी ख्रिस केली यांनी स्वतःच्या खिशातून एक कोटी डॉलरहून अधिक खर्च केला, तरी उमेदवारी हॅरिस यांनाच मिळाली.

अनुभव दोघांपाशी भरपूर होता. फरक होता तो शिक्षेकडे पाहण्याच्या दृष्टीत. कूली मृत्युदंडाचे समर्थक, हॅरिस विरोधक. एप्रिल 2004 मध्ये, हॅरिस पदावर येऊन काही महिनेच झाले असताना, सॅन फ्रान्सिस्कोत आयझॅक एस्पिनोझा हा तरुण पोलीस अधिकारी गोळीबारात मारला गेला. आपण मृत्युदंड मागणार नाही, असे हॅरिस यांनी तीनच दिवसांत जाहीर केले. त्या अधिकाऱ्याच्या अंत्यसंस्काराच्या वेळी हॅरिस यांच्याच पक्षाच्या सिनेटर डायन फाइनस्टाइन यांनी व्यासपीठावरून मृत्युदंडाची मागणी केली आणि जमलेले पोलीस टाळ्या वाजवत उभे राहिले. हॅरिस समोरच बसल्या होत्या. सहा वर्षांनंतर पोलीस संघटना कूली यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय पातळीवरच्या एका गटाने या हत्येची आठवण करून देणाऱ्या जाहिरातीवर शेवटच्या आठवड्यांत दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम लावली. 2010 मध्येच सॅन फ्रान्सिस्को पोलिसांच्या अमली पदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेतला घोटाळा उघड झाला होता, शेकडो खटले सोडून द्यावे लागले होते, आणि त्याचाही ठपका हॅरिस यांच्यावर येत होता.

निवडून येणाऱ्या वकिलाची पहिली किंमत इथे दिसते. कोणत्या आरोपीसाठी कोणती शिक्षा मागायची हा निर्णय पुरावे आणि कायदा समोर ठेवून शांत डोक्याने घ्यायचा असतो. निवडणुकीत तो तीस सेकंदांच्या जाहिरातीत बसवला जातो. हॅरिस यांचा निर्णय कोणाला पटो वा न पटो, पण असल्या जाहिरातींच्या धास्तीने एखादा सरकारी वकील मृत्युदंड मागू लागला, तर एका माणसाचा जीव प्रचाराच्या हिशेबात मोजला जातो. मला या पद्धतीतले हे सर्वांत भयंकर वाटते.

4. एका चर्चेतली दोन उत्तरे

5 ऑक्टोबर 2010 रोजी डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात दोघांची समोरासमोर चर्चा झाली. तिथे कूली यांना विचारले गेले: निवडून आलात तर लॉस एंजेलिस काउंटीचे निवृत्तिवेतन आणि नव्या पदाचा पगार, दोन्ही घेणार का? कूली यांनी सरळ होकार दिला. ते मी कमावले आहे, आणि अॅटर्नी जनरलचा पगार फारच कमी असल्याने त्याला तेवढी भर पडेल, असा त्यांचा सूर होता. तो पगार वर्षाला सुमारे दीड लाख डॉलर होता. मंदीचे परिणाम अजून ओसरले नव्हते आणि कॅलिफोर्नियात दर आठ कामकऱ्यांमागे एक बेकार होता. त्यातच दोन आठवड्यांपूर्वी कूली यांनीच बेल नावाच्या छोट्या, गरीब शहराच्या आठ आजी-माजी पदाधिकाऱ्यांवर जनतेच्या पैशातून अवाच्या सवा पगार उपटल्याचे गुन्हे दाखल केले होते. हॅरिस यांनी हसून, घ्या की, तुम्ही कमावलेच आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले, आणि त्यांच्या प्रचारकांनी त्या उत्तराची चित्रफीत जाहिरात म्हणून दाखवायला सुरुवात केली. कूली यांचे उत्तर प्रामाणिक होते आणि कायद्यात बसणारेही होते. त्यांना ते फार महाग पडले.

त्याच चर्चेतल्या दुसऱ्या प्रश्नाकडे लोकांचे कमी लक्ष गेले. तो प्रॉपोझिशन 8 बद्दल होता.

तोवर त्या प्रस्तावाला संघराज्याच्या न्यायालयात आव्हान मिळाले होते आणि ऑगस्ट 2010 मध्ये न्यायाधीश वॉन वॉकर यांनी तो घटनाबाह्य ठरवला होता. राज्याने अपील करायचे की नाही? अॅटर्नी जनरल ब्राउन आणि गव्हर्नर श्वार्झनेगर या दोघांनीही नकार दिला होता. कूली यांनी सांगितले की लोकांनी मतदानाने मंजूर केलेल्या कायद्याचा बचाव करणे हे राज्याच्या वकिलाचे कर्तव्य आहे. तो मी करेन. हॅरिस यांनी सांगितले की जो कायदा घटनेविरुद्ध आहे असे माझे मत आहे, त्याच्या बचावासाठी राज्याची साधने मी वापरणार नाही.

दोन्ही भूमिकांना आधार आहे. वकिलाला अशील आवडला नाही तरी त्याची बाजू मांडावी लागते, हे कूली यांचे तत्त्व वकिली व्यवसायाचा पायाच आहे. पण अॅटर्नी जनरल घटनेचीही शपथ घेतो. घटना आणि कायदा यांच्यात विसंगती दिसली तर त्याचा खरा अशील कोण? मतदाराला ठरवायचे होते ते हे. कोण अधिक हुशार वकील आहे, हा प्रश्न गौण होता. राज्य कोर्टात कोणत्या खटल्यात उभे राहील आणि कोणत्या खटल्यात गप्प बसेल, यावर ते मतदान होते.

5. बावीस दिवसांची मोजणी

मतदान झाले 2 नोव्हेंबर 2010 ला. त्या रात्री आघाडी घेतलेल्या कूली यांनी समर्थकांसमोर विजय जाहीर केला. दुसऱ्या दिवशी हॅरिस किंचित पुढे होत्या. पुढचे कित्येक दिवस आघाडी इकडून तिकडे सरकत राहिली.

हे कसे होते? मतदानाच्या रात्री दिसतो तो निकाल अपुरा असतो. कॅलिफोर्नियात टपाली मतदान फार. पुष्कळ मतदार भरलेला लिफाफा शेवटच्या दिवशी मतदान केंद्रावर आणून टाकतात. प्रत्येक लिफाफ्यावरची सही नोंदणीच्या कागदावरच्या सहीशी ताडून पाहिल्याशिवाय तो उघडत नाहीत. शिवाय यादीत नाव सापडले नाही किंवा नोंदीत घोळ दिसला, तर मतदाराला परत न पाठवता त्याचे मत वेगळ्या लिफाफ्यात राखून ठेवतात आणि पात्रता तपासून नंतर मोजतात. 2010 मध्ये मतदानाची रात्र सरली तेव्हा अशी वीस लाखांहून अधिक मते मोजायची राहिली होती.

आता एक काल्पनिक उदाहरण. समजा, राज्यात दोनच काउंट्या आहेत. पहिलीत एक लाख मते, सगळी रात्रीतच मोजून झाली: क यांना 55 हजार, ह यांना 45 हजार. दुसरीत दीड लाख मते, पण रात्री 50 हजारच मोजली गेली: ह यांना 29 हजार, क यांना 21 हजार. क एकूण दोन हजारांनी पुढे. मग उरलेली एक लाख मते त्याच प्रमाणात निघाली: ह यांना 58 हजार, क यांना 42 हजार. ह आता 14 हजारांनी पुढे गेल्या. एकाही मतदाराने मत बदललेले नाही आणि मधल्या काळात एकही नवे मत पडलेले नाही. प्रत्यक्षात न मोजलेली मते कूली यांच्या बाजूच्या ऑरेंज काउंटीतही होती आणि हॅरिस यांच्या बाजूच्या सॅन फ्रान्सिस्को परिसरातही, म्हणून काटा दोन्हीकडे हलला.

दोन्ही पक्षांनी काउंट्यांमध्ये निरीक्षक पाठवले. सह्या ताडणाऱ्या कर्मचाऱ्यांसमोर ते दिवसेंदिवस बसून होते. शेवटी लॉस एंजेलिसने निकाल लावला. कूली जिथे तीनदा निवडून आले होते त्या त्यांच्या घरच्या काउंटीने हॅरिस यांना मोठी आघाडी दिली. 24 नोव्हेंबरला कूली यांनी पराभव मान्य केला. अंतिम आकडे असे: हॅरिस 44,42,781, कूली 43,68,624. फरक 74,157 मतांचा, म्हणजे पडलेल्या हजार मतांमागे आठसुद्धा नाही. छोट्या पक्षांच्या उमेदवारांना मिळून आठ लाखांहून अधिक मते गेली होती. आपल्या विधानसभेसारखेच तिथेही ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, म्हणून हॅरिस 46 टक्क्यांवर निवडून आल्या. पुढच्या निवडणुकीपासून नियम बदलला आणि अंतिम फेरीत पहिले दोनच उमेदवार राहू लागले.

विजय जाहीर करून बसलेल्या उमेदवाराने तीन आठवड्यांनी मोजणी मान्य करून बाजूला होणे ही तेव्हा मोठी बातमीही ठरली नाही. याहून चुरशीच्या लढती पुढे इतर राज्यांत झाल्या. 2013 मध्ये व्हर्जिनियात अॅटर्नी जनरलपदासाठी बावीस लाख मते पडली आणि मार्क हेरिंग अवघ्या 165 मतांनी पुढे निघाले. फेरमोजणीत फरक 907 झाला आणि प्रतिस्पर्धी मार्क ओबेनशेन यांनी माघार घेतली. 2022 मध्ये अॅरिझोनात याच पदासाठी पडलेल्या पंचवीस लाख मतांत क्रिस मेझ यांची आघाडी 511 होती. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी असल्याने कायद्यानुसार फेरमोजणी आपोआप झाली. पिनल काउंटीत कित्येक शे मते पहिल्यांदा मोजायचीच राहून गेल्याचे तेव्हा उघड झाले, आणि फरक 280 वर आला. हरलेले उमेदवार एब हमादे यांनी त्यानंतरही कोर्टात लढा चालूच ठेवला. पिनलमधली चूक खरी होती. तिने निकाल बदलला नाही हेही तितकेच खरे. मोजणीत चुका होतात. त्या शोधून काढण्याची सोय कायद्यात असते म्हणूनच निकालावर विसंबता येते.

6. त्या 74 हजार मतांनी काय बदलले?

हॅरिस 3 जानेवारी 2011 रोजी पदावर आल्या. कॅलिफोर्नियाच्या या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री, पहिल्या कृष्णवर्णीय आणि पहिल्या भारतीय वंशाच्या व्यक्ती.

घरकर्जाच्या संकटात कर्जदारांची घरे बेकायदा रीतीने जप्त केल्याबद्दल राज्यांची मोठ्या बँकांशी बोलणी चालू होती. कॅलिफोर्नियाच्या वाट्याला सुमारे 4 अब्ज डॉलर येणार असे दिसताच हॅरिस 2011 च्या सप्टेंबरअखेर बोलण्यांतून बाहेर पडल्या. फेब्रुवारी 2012 मध्ये झालेल्या समझोत्यात हा वाटा सुमारे 18 अब्ज ठरला. त्यातला बराच भाग कर्जमाफीच्या रूपातला होता आणि तो खऱ्या गरजूंपर्यंत किती पोहोचला यावर मतभेद आहेत.

प्रॉपोझिशन 8 च्या बाबतीत परिणाम अधिक सरळ दिसतो. राज्याने बचाव सोडल्याने प्रस्तावाचे समर्थक स्वतःच अपिलात लढत राहिले आणि प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. एखाद्या खटल्यात दाद मागायची तर मागणाऱ्याचे स्वतःचे काही नुकसान व्हायला हवे, असा तिथला नियम आहे. 26 जून 2013 रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की या समर्थकांचे असे कोणतेही व्यक्तिगत नुकसान नाही, तेव्हा त्यांना अपिलाचा हक्क नाही. वॉकर यांचा निकाल कायम झाला. राज्य स्वतः खटल्यात उभे असते तर हा अडसर आला नसता आणि न्यायाधीशांना मूळ प्रश्नालाच हात घालावा लागला असता. दोनच दिवसांनी विवाह पुन्हा सुरू झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये, ज्यांनी खटला लढवला त्यांतल्या एका जोडप्याचा विवाह स्वतः हॅरिस यांनी लावला.

मृत्युदंडाबाबत मात्र उलटे घडले. जुलै 2014 मध्ये संघराज्याच्या एका न्यायाधीशाने कॅलिफोर्नियाची मृत्युदंडाची पद्धत घटनाबाह्य ठरवली, कारण दशकानुदशके चालणाऱ्या विलंबामुळे कोणाला शिक्षा होईल आणि कोणाला नाही हे केवळ योगायोगावर राहिले होते. हॅरिस यांना हा निकाल तसाच सोडून देता आला असता; प्रॉपोझिशन 8 चा पायंडा ताजा होता. पण त्यांनी राज्यातर्फे अपील केले. मृत्युदंडाला आपला विरोध असला तरी कायदा राबवू, असे वचन त्यांनी 2010 च्या प्रचारात दिले होते. त्यांच्या जुन्या समर्थकांना ते अपील झोंबले. माझ्या मते या दोन निर्णयांचा मेळ त्यांना कधीच नीट समजावून सांगता आला नाही. नोव्हेंबर 2015 मध्ये अपिलाच्या न्यायालयाने त्या न्यायाधीशाचा निकाल फिरवला. खटला हॅरिस यांच्या कार्यालयाने जिंकला आणि मृत्युदंड कॅलिफोर्नियाच्या कायद्यात राहिला.